ब्रिटन वेगळा झाल्यानंतरची हापूस निर्यात: कोकणातील बागायतदारांसाठी मार्गदर्शन

रत्नागिरी, राजापूर, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातील बागायतदार निर्यातीचे बोलू लागले की "युरोपला माल पाठवायचा आहे" असे एका दमात म्हणतात आणि त्या युरोपात लंडनही धरतात. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, त्याच वर्षी ३१ डिसेंबरला जुने नियम चालू ठेवण्याचा संक्रमणकाळही संपला आणि तेव्हापासून हे दोन स्वतंत्र बाजार झाले आहेत. या दोघांचे आपसातील संबंध मात्र अजून पुरते ठरलेले नाहीत. ते कोणत्या बाजूने ठरतात याचा परिणाम आपल्या कलमांवर डिसेंबरात कोणते औषध फवारायचे इथपर्यंत पोहोचणार आहे. म्हणून लंडन आणि ब्रुसेल्स (युरोपीय संघाचे मुख्य ठाणे) यांच्यातील करार आपल्या कामापुरते कसे वाचावेत आणि त्याप्रमाणे हंगामाची तयारी कशी करावी, हे येथे सांगितले आहे.

निर्णय कोणाच्या हातात आहे ते आधी ओळखावे

२०१४ सालची बंदी ज्यांनी सोसली त्यांना हा मुद्दा लगेच पटेल. २०१३ साली भारतातून युरोपीय संघात गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या. त्यावरून संघाने १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांची भारतातून होणारी आयात थांबवली. मे म्हणजे हापूसचा ऐन हंगाम, आणि युरोपात जाणाऱ्या आपल्या आंब्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक ब्रिटन. तेथील भारतीय व्यापाऱ्यांनी आणि काही खासदारांनी आवाज उठवला, तरीही ब्रिटिश सरकारला एकट्याने दार उघडता आले नाही, कारण वनस्पती आरोग्याचा निर्णय सर्व सदस्य देशांसाठी मिळून ब्रुसेल्समध्ये होत होता. आपल्याकडील तपासणी आणि प्रक्रिया कडक झाल्यानंतर, जानेवारी २०१५ मध्ये, आंब्यावरील बंदी उठवण्याचा निर्णय झाला.

आज तसा प्रसंग आला तर ग्रेट ब्रिटनचा (म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचा) निर्णय लंडन घेईल आणि पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमचा ब्रुसेल्स. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टची गोष्ट वेगळी आहे. आयर्लंड बेटावर पुन्हा सरहद्दीची नाकी उभी राहू नयेत म्हणून उत्तर आयर्लंडमध्ये मालासंबंधीचे युरोपीय नियम बऱ्याच अंशी चालू ठेवले आहेत, आणि ब्रिटन व संघ यांच्यातील २०२३ च्या विंडसर आराखड्याने त्या व्यवस्थेची अंमलबजावणी सुटसुटीत केली. त्यामुळे खरेदीदाराच्या पत्त्यात 'यूके' दिसले एवढ्यावर समाधान मानू नये. माल शेवटी कोणत्या गावात विकला जाणार, हे लेखी विचारून घ्यावे आणि मगच कागदपत्रांना हात घालावा.

करारातून आपल्या कामाचे कसे शोधावे

संघाबाहेर राहून त्याच्याशी संबंध ठेवण्याच्या काही वाटा आधीपासून मळलेल्या आहेत. नॉर्वे युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहून एकल बाजाराचे नियम पाळतो, स्वित्झर्लंडने एकेका विषयाचा वेगळा करार केला आहे, तुर्कस्तानची संघाशी जकात-एकी (कस्टम्स युनियन) आहे आणि कॅनडाचा मुक्त व्यापार करार आहे. ब्रिटनने निवडलेली वाट कॅनडाच्या वाटेशी जास्त मिळतीजुळती आहे. २४ डिसेंबर २०२० रोजी ठरलेला आणि १ जानेवारी २०२१ पासून तात्पुरता लागू झालेला व्यापार व सहकार्य करार ब्रिटन आणि संघ यांच्यातील मालाला जकात आणि कोटा दोन्ही माफ करतो, पण त्या मालाचे मूळ या दोहोंपैकी एका ठिकाणचे असेल तरच.

आपल्यासाठी ही अट महत्त्वाची आहे. भारतातून लंडनला गेलेला माल तेथून पुढे जर्मनीला पाठवला म्हणून तो ब्रिटिश होत नाही. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात सर्वंकष आर्थिक व व्यापार करारावर सही झाली आणि त्यात बहुतेक भारतीय मालाला जकातमाफी ठरली आहे, तथापि ती सवलत ब्रिटनच्या किनाऱ्यावर संपते. ताज्या आंब्याच्या बाबतीत जकातीची चिंता मुळात नाही, कारण त्यावर दोन्ही बाजार सर्वसाधारण दरानेच शून्य जकात लावतात. पल्प, साखर घातलेला रस, आंबावडी असा प्रक्रिया केलेला माल पाठवणाऱ्यांनी मात्र प्रत्येक मालाचा जकात क्रमांक काढून दोन्हीकडचे दर वेगवेगळे पाहावेत.

ताज्या फळाची अडचण जकातीत नसून किडीच्या आणि औषधाच्या अंशांच्या नियमांत आहे, आणि नेमके हेच नियम दोन्हीकडे वेगळे होत गेले आहेत. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन ही पाच फळे सोडून बाकी सर्व ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. शिवाय भारतीय आंब्यासाठी फळमाशीविरुद्ध मान्य प्रक्रिया केल्याचा पुरावा लागतो. बाहेर पडल्यानंतर ग्रेट ब्रिटनने स्वतःची यादी केली आणि प्रमाणपत्राच्या सक्तीतून सोडलेल्या फळांत आंबाही घेतला. ही ढील मिळाली म्हणून बागेतील काळजी सैल करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सक्ती नसली तरी तपासणीत अळी सापडली तर माल अडतोच, आणि ही यादी पुढेही अशीच राहील असे धरून चालण्यासारखी स्थिती नाही. त्याचे कारण पुढे येईल.

बाग ते खोके

दोन्ही बाजारांचा विचार असेल तर तयारी नेहमी कडक बाजाराच्या मापाने करावी. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या मँगोनेट प्रणालीत बागेची नोंदणी कृषी विभागामार्फत होते. सातबारा, बागेचा नकाशा आणि कलमांची माहिती घेऊन तालुका कृषी कार्यालयात मोहोर येण्याआधीच जावे. फळे उतरवायच्या वेळी धावपळ केल्यास नोंदणीसाठीची बागेची पाहणी अर्थहीन होते.

फवारणीची नोंदवही हा या सगळ्या कामाचा कणा आहे. तारीख, औषधाचे शास्त्रीय नाव, पाण्यातील प्रमाण, कोणत्या गटातील किती कलमे आणि फवारणीनंतर काढणीपर्यंतचे दिवस एवढे तिच्यात असायलाच हवे. दुकानदाराने दिलेले व्यापारी नाव पुरत नाही, कारण प्रयोगशाळा आणि परदेशी अधिकारी शास्त्रीय नावानेच बोलतात. तुडतुड्यांसाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे थायमेथोक्झाम पाहा. मधमाशांना होणारी हानी लक्षात घेऊन युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या नियमानुसार, थायमेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन यांच्या अंशांची मर्यादा ७ मार्च २०२६ पासून, प्रयोगशाळेला जेमतेम मोजता येईल एवढ्या पातळीवर आणली गेली. ग्रेट ब्रिटन आपल्या मर्यादा स्वतंत्रपणे ठरवतो, त्यामुळे हा बदल तेथे आपोआप लागू झाला नाही. म्हणजे एकाच कलमाची फळे एका बाजारात चालतील आणि दुसऱ्या बाजारात नाकारली जातील, अशी परिस्थिती आता खरोखरच उद्भवू शकते. संघाच्या बाजारासाठी राखलेल्या कलमांवर ही दोन औषधे टाळावीत, त्या कलमांना वेगळी खूण करावी आणि फवारणी करणाऱ्या गड्यांना ती खूण स्वतः दाखवावी. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून नमुना तपासून घेण्याचा खर्च टाळू नये. परत आलेल्या किंवा तिकडेच नष्ट केलेल्या खेपेपुढे तो फारच थोडा असतो.

फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचे रक्षक सापळे लावावेत आणि गळलेली फळे रोजच्या रोज गोळा करून खोल पुरावीत. सापळा लावून खाली सडकी फळे राहू देणाऱ्या बागेत माशी हटत नाही. फळ चौदा आणे तयार झाल्यावर झेल्याने देठासह उतरवावे, उन्हात ठेवू नये आणि चीक सालीवर ओघळू देऊ नये. डागाळलेली साल पुढे सांगितलेल्या गरम पाण्याच्या प्रक्रियेतून गेल्यावर आणखी काळवंडते.

युरोपीय संघासाठी आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याची प्रक्रिया मान्य आहे. फळांचे क्रेट टाकीत उतरताच पाण्याचा पारा खाली येतो, म्हणून तापमान पुन्हा स्थिर झाल्यावरच वेळ मोजला जात आहे ना, हे बागायतदाराने किंवा त्याच्या माणसाने तेथे उभे राहून पाहावे आणि तापमानाच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी. आकाराने फार लहान-मोठी फळे एकाच क्रेटमध्ये घालू नयेत, कारण सर्वांच्या गरापर्यंत उष्णता सारखी पोहोचत नाही. प्रत्येक खोक्यावर बागेचा नोंदणी क्रमांक, पॅकहाउसचा क्रमांक आणि लॉट क्रमांक स्पष्ट असावा. लंडनचा आणि संघाचा माल एकाच दिवशी भरला जात असेल तर दोन्हींचे लॉट सुरुवातीपासून वेगळे ठेवावेत. एकाचा माल कमी पडला म्हणून दुसऱ्यातली दोन खोकी उचलून भर घालण्याची सवय या पद्धतीत अजिबात चालत नाही.

मासळीवाल्यांना येथे थोडक्यात सांगायचे तर, मिरकरवाड्यासारख्या बंदरावरून गेलेला समुद्रातील माल दोन्ही बाजारांत मासेमारी प्रमाणपत्राशिवाय स्वीकारला जात नाही आणि प्रक्रिया केंद्राचे नाव त्या त्या बाजाराच्या मान्य यादीत वेगळे असावे लागते. हापूसला २०१८ साली मिळालेले भौगोलिक मानांकन भारतापुरते आहे. परदेशात तसे संरक्षण हवे असल्यास ब्रिटन आणि संघ या दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज लागेल, कारण २०२१ पासून ब्रिटनची मानांकन व्यवस्थाही निराळी आहे.

पुढच्या हंगामांकडे कसे पाहावे

१९ मे २०२५ रोजी लंडनमध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ यांची शिखर बैठक झाली. तिच्यात मासेमारीचा परस्पर प्रवेश ३० जून २०३८ पर्यंत वाढवण्याचे ठरले, ही बातमी इकडच्या वर्तमानपत्रांत आली. आपल्या दृष्टीने मोठी असलेली दुसरी गोष्ट मात्र मागे राहिली: अन्न, प्राणी आणि वनस्पती आरोग्याच्या नियमांचे समान क्षेत्र उभारण्यासाठी करार करण्याचे दोन्ही पक्षांनी मान्य केले. त्याच्या कक्षेत कीटकनाशकांचे नियमही आहेत, आणि संघाचे नियम बदलतील तसतसे ब्रिटननेही ते घेत जायचे, असे त्याचे तत्त्व आहे. २०२७ पर्यंत तो अमलात आणण्याचा ब्रिटिश सरकारचा मानस आहे. तसे झाले तर आंब्याला ग्रेट ब्रिटनमध्ये मिळालेली प्रमाणपत्राची सूट टिकेलच असे नाही आणि थायमेथोक्झामसारख्या औषधांच्या मर्यादाही संघाच्या पातळीवर जाऊ शकतात. ब्रिटन संघात परतणार नाही, मतदानाचा हक्कही त्याला तेथे नसेल, आणि तरीही आपल्या फळाच्या बाबतीत ब्रुसेल्सचा शब्द लंडनमध्ये पुन्हा चालू लागेल.

म्हणून केवळ ब्रिटनच्या सैल नियमांवर विसंबून नवीन गुंतवणूक करू नये. गरम पाण्याच्या प्रक्रियेशिवाय माल पाठवण्याची घडी बसवणाऱ्यांना दोन-तीन हंगामांत ती मोडावी लागू शकते. दर वर्षी ऑक्टोबरात, पालवीच्या वेळी, अपेडाच्या सूचना आणि मुंबईच्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयाची त्या वर्षाची अट पाहूनच फवारणीचे वेळापत्रक ठरवावे. खरेदीदाराशी करार करताना, हंगाम चालू असताना नियम बदलल्यास अडलेल्या मालाचा, परतीच्या भाड्याचा आणि नष्ट करण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे कलम स्पष्ट लिहून घ्यावे आणि त्यात 'यूके' असा मोघम उल्लेख न ठेवता ग्रेट ब्रिटन, उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघ अशी तिन्ही ठिकाणे वेगळी लिहावीत.