ईसीयूच्या कनेक्टरवर सुरक्षितपणे मोजणी कशी करावी

इंजिनचा ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, बिघडला असे ठरवण्याआधी त्याच्याकडे येणाऱ्या वायरी तपासाव्या लागतात. परंतु ही तपासणीच निष्काळजीपणे केली, तर चांगला ईसीयू निकामी होऊ शकतो. म्हणून आधी त्याच मॉडेलचा वायरिंग डायग्राम मिळवावा आणि त्यातील पिनांची मांडणी कनेक्टरच्या तोंडाकडून दाखवली आहे की वायरींच्या बाजूने, हे पाहून घ्यावे, कारण बाजू बदलली की डावे-उजवे उलटते.

मल्टिमीटर डिजिटल आणि किमान 10 मेगाओहम इनपुट रेझिस्टन्सचा असावा. बल्बचा टेस्ट लॅम्प ईसीयूच्या पिनांना लावू नये. तो ओढत असलेला करंट आतल्या नाजूक सर्किटला झेपेलच असे नाही. एअरबॅगचे पिवळे कनेक्टर आणि हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबल यांना हातच लावू नये.

व्होल्टेज मोजताना कनेक्टर जोडलेलाच ठेवून, मागच्या बाजूने, वायरीलगत रबरी सीलखालून बारीक प्रोब पिन सरकवावी. समोरून जाड प्रोब खुपसल्यास टर्मिनलमधल्या स्प्रिंगच्या पात्या फाकतात, संपर्क सैल होतो आणि मग खड्ड्यातून जाताना मध्येच इंजिन बंद पडण्यासारखा, शोधायला अत्यंत कठीण दोष आपणच निर्माण करतो. वायरीचे आवरण टोचणेही तितकेच वाईट, कारण त्या छिद्रातून पाणी शिरून आतले तांबे कळकते.

माझ्या मते सर्वांत उपयोगी मोजणी अर्थिंगची आहे आणि नेमकी तीच बहुतेक वेळा राहून जाते. इंजिन चालू ठेवून काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि लाल प्रोब ईसीयूच्या अर्थ पिनला मागून लावावा, साधारण 0.1 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर त्या मार्गात कुठेतरी गंज किंवा ढिला बोल्ट आहे असे समजावे. ओहम मोजून हे कळत नाही: वायरीचा एकच तंतू शाबूत असला तरी मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, पण प्रत्यक्ष लोड आल्यावर तो तंतू पुरा पडत नाही.

सेन्सरचा 5 व्होल्टचा पुरवठा गायब असेल, तर त्यावरचे सेन्सर एकेक करून काढावेत, मात्र प्रत्येक वेळी आधी इग्निशन बंद करावे. ज्याला काढल्यावर व्होल्टेज परत येते, तो सेन्सर किंवा त्याची वायर शॉर्ट आहे.

रेझिस्टन्स मोजायचाच असेल, तर इग्निशन बंद करून, काही मिनिटे थांबून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. गाडीतले ईसीयू ज्या दोन वायरींवरून एकमेकांना संदेश पाठवतात, त्या कॅन बसच्या वायरींमध्ये बहुतेक गाड्यांत सुमारे 60 ओहम मिळायला हवेत. 120 दिसले, तर टोकाच्या दोन रेझिस्टरपैकी एकाशी संपर्क तुटलेला असतो. इतर वायरींसाठी ईसीयूचा कनेक्टर काढून फक्त वायरीच्या बाजूनेच मोजावे, ईसीयूच्या पिनांत ओहममीटर लावू नये, आणि बॅटरी पुन्हा जोडण्यापूर्वी कनेक्टरचे लॉक पूर्ण बसल्याची खात्री करावी.