सरपंचपदाच्या खुर्चीत आपण तोतये आहोत असे वाटते तेव्हा

निवडणुकीचा गुलाल धुतला जातो, निवडून आल्याचे प्रमाणपत्र कपाटात जाते आणि काही दिवसांतच पहिल्या मासिक सभेची वेळ येते. ग्रामसेवक (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले असले तरी गावाच्या तोंडी अजून ग्रामसेवकच आहे) विषयपत्रिका वाचतात, जुने सदस्य बोलू लागतात आणि सरपंचांच्या खुर्चीत बसलेल्या बाईंच्या मनात एकच विचार घोळत राहतो: आरक्षण निघाले म्हणून मी इथे आहे, मला यातले काही कळत नाही आणि हे आज ना उद्या सगळ्यांच्या लक्षात येणार आहे.

या भावनेला मानसशास्त्रात नाव आहे. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये कर्तबगार स्त्रियांमध्ये ती नोंदवली. आपले यश नशिबाने किंवा इतरांच्या चुकीने मिळाले आहे असे या स्त्रियांना वाटत होते. आज तिला सर्रास ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ म्हणतात, पण तो आजार नाही. मराठीत तोतया म्हटले की पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरलेला माणूस आठवतो. खऱ्या तोतयाला भीती असते ती कागदपत्रे तपासली जाण्याची. तुमची कागदपत्रे मात्र खरी आहेत, आणि म्हणून या भावनेवरचा उपाय दप्तरापासून दूर राहण्यात नसून दप्तराजवळ जाण्यात आहे, असे मला वाटते.

सुरुवात एका वहीने करावी. ‘मला हे येत नाही’ आणि ‘मी या जागेच्या लायकीची नाही’ ही दोन वाक्ये मनात एकमेकांत मिसळलेली असतात, ती कागदावर वेगळी करावीत. सभेत जे समजले नाही ते त्याच दिवशी तारखेसह लिहावे: बंधित निधी म्हणजे काय, नमुना 8 आणि नमुना 9 यांत फरक कोणता, ठरावाला सूचक आणि अनुमोदक का लागतात. पंधरा-वीस ओळी झाल्या की दिसेल की त्यांतली प्रत्येक गोष्ट कोणाला तरी विचारून किंवा वाचून समजण्यासारखी आहे आणि लायकीबद्दलचे वाक्य कुठल्याच ओळीत बसत नाही. पहिल्यांदा निवडून आलेल्या पुरुषालाही यातले फारसे ठाऊक नसते. त्याच्याबद्दल गाव ‘शिकेल हळूहळू’ म्हणते, एवढाच फरक.

आरक्षणाची बोच मात्र वहीने जात नाही, तिचा विचार सरळ करावा लागतो. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली आणि पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. सोडतीने ठरते ते एवढेच की या वेळी सरपंच स्त्री असेल. ती कोण असेल हे मतदार ठरवतात, आणि थेट निवडणुकीत तर साऱ्या गावाचे मतदार ठरवतात. सोडतीत जागा खुली निघाल्यावर निवडून आलेल्या पुरुषाला कोणी ‘सोडतीचा सरपंच’ म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

आता दप्तर. आठवड्यातला एक दिवस आणि त्या दिवशीचे दोन तास ठरवून ग्रामपंचायतीत बसावे आणि एका वेळी एकच नोंदवही मागवावी. लेखासंहितेप्रमाणे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या हिशोबाच्या नियमांप्रमाणे, नोंदींचे एकूण 33 नमुने आहेत, पण सगळे एकदम पाहण्याची गरज नाही. नमुना 5, म्हणजे सामान्य रोकड वही, आधी घ्यावी आणि महिनाअखेरची शिल्लक बँकेच्या पासबुकाशी स्वतः जुळवून पाहावी. फरक आढळला तर आवाज न चढवता कारण विचारावे, कारण बरेचदा एखादा धनादेश वटायचा राहिलेला असतो. त्यानंतर नमुना 8, म्हणजे कर आकारणी नोंदवही, पाहावी. घराच्या उताऱ्यासाठी लोक रोज येतात ते याच वहीसाठी. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातील निधीपैकी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती आणि 40 टक्के अबंधित, हे एकदा समजून घेतले की ‘या पैशातून सभामंडप का होत नाही’ या प्रश्नाला बिचकण्याचे कारण उरत नाही.

सर्वांत जपण्याची वस्तू म्हणजे डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची पेनड्राइव्हसारखी वस्तू. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी संकेतस्थळावरून पैसे अदा होताना आधी ग्रामसेवकांची आणि नंतर सरपंचांची डिजिटल स्वाक्षरी लागते. अनेक ठिकाणी सरपंचांचा डोंगल सोयीसाठी संगणक परिचालकाकडे किंवा घरातल्या पुरुषाकडे पडून असतो. तो मागून घ्यावा, पासवर्ड बदलून घ्यावा आणि बिल, मोजमाप व ठराव समोर ठेवल्याशिवाय स्वाक्षरी करू नये. जिची सही दुसराच कोणी करतो तिला आपण तोतये आहोत असे वाटणारच, कारण तिच्या बाबतीत ते काही अंशी खरे झालेले असते. सुरुवातीला ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असे बोलणे ऐकावे लागेल. ‘विश्वास आहे, पण वाचल्याशिवाय सही करत नाही’ एवढे उत्तर पुरते.

सभेत बोलण्याची भीती वाटत असेल तर आदल्या दिवशी विषयपत्रिकेतील एकच विषय निवडावा, त्याचे कागद वाचावेत आणि सभेत त्यावर पहिले वाक्य आपण बोलावे. बाकी विषयांवर ऐकले तरी चालते. न समजलेल्या मुद्द्यावर मान डोलावण्यापेक्षा ‘हे पुन्हा एकदा सांगा आणि इतिवृत्तात नेमके काय लिहिणार ते वाचून दाखवा’ असे म्हणावे. ही विनंती अज्ञानाची कबुली वाटते, पण अध्यक्ष म्हणून तो तुमचा अधिकार आहे. ग्रामसभेची भीती अधिक असते, कारण तिथे 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार गणपूर्तीलाच लागतात. त्यासाठी कायद्यानेच एक सोय केलेली आहे: नियमित ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यायची असते. ती केवळ सह्यांपुरती उरकू नये. पाण्याची वेळ, अंगणवाडीची गळती, रेशन यांवर तिथे तुम्ही आधी बोललेल्या असता, आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या गर्दीत त्याच बायका बसलेल्या असतात.

पती किंवा सासरे यांची मदत घेण्यात कमीपणा नाही. चर्चा घरी व्हावी, निर्णय आणि बोलणे मात्र कार्यालयात तुमचेच असावे. कार्यालयात त्यांच्यासाठी शेजारी खुर्ची मांडली जात असेल तर ती काढून ठेवण्यास शिपायाला सांगणे हे काम पहिल्याच महिन्यात करावे, पुढे ते जड जाते.

इतके करूनही गाव समाधानी दिसणार नाही, आणि जुनी शंका नेमकी इथे परत येते. एस्थर डुफ्लो आणि पेटिया टोपालोवा यांनी भारतातील पंचायतींच्या अभ्यासात असे दाखवले की महिला सरपंच असलेल्या गावांत सार्वजनिक सोयी अधिक होत्या, दर्जा कमी नव्हता, लाच देण्याचे प्रमाणही कमी होते, तरीही गावकरी त्या सोयींवर कमी समाधानी होते. जी कामे पंचायतीच्या अखत्यारीत नव्हती त्यांवरसुद्धा. पश्चिम बंगालमधील दुसऱ्या एका अभ्यासात, एकाच गावाने लागोपाठ स्त्री प्रमुख पाहिल्यावर हा पूर्वग्रह कमी झालेला आढळला. तेव्हा पारावरच्या नाराजीवरून स्वतःला गुण देऊ नयेत. किती नळजोडण्या झाल्या, किती कर वसूल झाला, कोणते ठराव अंमलात आले, हे आकडे वहीत ठेवावेत.

एक सावधगिरी. सभेत खुर्ची न देणे, झेंडावंदनापासून रोखणे, धमकावणे किंवा जातीवरून अपमान करणे, ही तुमच्या आत्मविश्वासाची उणीव नाही आणि त्यावर वहीचा उपाय लागू पडत नाही. अशा घटनेची तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोचपावती घ्यावी. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या सरपंचांना कामापासून रोखणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, 2015 च्या दुरुस्तीनंतर, स्पष्टपणे गुन्हा आहे.

सहा महिन्यांनी वहीचे पहिले पान उघडावे आणि ज्या प्रश्नांची उत्तरे आता दुसऱ्याला सांगता येतात त्यांवर रेघ मारावी. उरलेले प्रश्न पंचायत समितीतील विस्तार अधिकाऱ्यांना विचारावेत किंवा पुढच्या प्रशिक्षणाला जाताना सोबत न्यावेत. मुदत संपल्यावर ही वही नव्या सरपंचांच्या हाती द्यावी, रेघा मारलेल्या पानांसकट.