परिषदेचा व्हिसा: आधी पत्र, मग अर्ज

परदेशातल्या परिषदेला जायचं ठरलं की अनेकजण सवयीने टूरिस्ट व्हिसाच निवडतात आणि मुलाखतीत अडखळतात.

आधी आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागवा. त्यात पासपोर्टवर आहे तसंच नाव, तारखा, खर्च कोण करणार आणि तुम्ही श्रोते की वक्ते, हे स्पष्ट हवं. मग प्रकार ठरवा: अमेरिकेसाठी बी-१ (व्यावसायिक भेटीचा व्हिसा), ब्रिटनसाठी स्टँडर्ड व्हिजिटर, शेंगेनसाठी (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) अल्पमुदतीचा सी व्हिसा. शेंगेनमधले दोन-तीन देश फिरणार असाल, तर अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे करायचा. विमान आधी कुठे उतरतंय ते बघून नव्हे. अर्जातलं कारण पत्राशी तंतोतंत जुळलं पाहिजे.

व्याख्यानाचं मानधन मिळणार असेल, तर वकिलातीचे नियम वाचल्याशिवाय होकार कळवू नका. काही देशांत ते कामच धरलं जातं.