कळलावी कुंडीत कशी लावावी

आपल्या रानातला एखादा फुलणारा कंद लावून बघायचा असेल, तर सुरुवात कळलावीपासून करा. मात्र श्रावणात घाटात फुललेला वेल दिसला म्हणून उपटू नका. राखीव जंगलात तो भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे, आणि ऐन वाढीत उपटलेला कंद बहुतेक वेळा सडतोच. कंद रोपवाटिकेतून घ्या, किंवा ओळखीच्या शेताच्या बांधावर वेल असेल तर विचारून दिवाळीनंतर चार बिया घ्या. बियांची रोपं फुलायला ३-४ पावसाळे घेतात, तेवढा दम हवा.

आधी एक गोष्ट: कळलावी सगळीच विषारी आहे, त्यातही कंद आणि बिया जास्त. कंद रताळ्या-आल्याच्या टोपलीजवळ ठेवू नका. घरात रांगतं मूल किंवा पाळीव जनावर असेल तर सरळ दुसरं काही लावा.

कंद नांगरासारखा वाकडा असतो. त्याच्या टोकाला कोंबाचा डोळा असतो; तो मोडला तर कंद वाया गेला समजा. मेअखेरीस १२ इंची कुंडीत दोन भाग माती, एक भाग जाडी वाळू आणि एक भाग कुजलेलं शेणखत भरा. कंद आडवा ठेवून वर दोनेक इंच माती घाला. पाणी तुंबता कामा नये, बाकी कसलेही लाड नकोत.

कोंब वर आला की आधार द्या. पानाचंच टोक लांबून वळतं आणि मिळेल त्याला विळखा घालतं, पण जाड बांबू त्याला पेलत नाही. तुरकाठ्या किंवा सुतळी बरी. फूल आधी हिरवट पिवळं असतं, मग खालून पिवळं राहून वर लाल होत जातं. स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात बाजूला वळलेली असते, त्यामुळे परागकण आपोआप लागतीलच असं नाही. बिया हव्या असतील तर सकाळी मऊ ब्रशने ते टोकाला लावा.

पावसाळा सरल्यावर वेल पिवळा पडतो. इथेच बहुतेकजण घाबरून पाणी घालत बसतात आणि कंद कुजवतात. पाणी बंद करा, कुंडी वळचणीला सरकवा आणि उन्हाळाभर तशीच राहू द्या. मे महिन्यात खुरपं न लावता कुंडी पालथी करा: जुना कंद चिपाड झालेला दिसेल, शेजारी नवा तयार असेल. त्याला दोन फाटे असतील आणि दोन्ही टोकांना डोळे असतील, तर ते वेगळे करून दोन कुंड्यांत लावा.