मानेला गाठ लागली? आधी नीट चाचपा, मग ठरवा

मानेत, काखेत नाहीतर जांघेत गाठ लागली की एकतर माणूस रात्रभर मोबाईलवर कॅन्सरबद्दल वाचत बसतो, नाहीतर शेजारच्या काकू हळद-चुन्याचा लेप सांगतात आणि त्यात महिना निघून जातो. ठाण्यात दवाखान्यात सिस्टर म्हणून काम करते, हे दोन्ही प्रकार रोज बघते. लेपाने गाठ जात नाही हो, जी गेली ती तशीही जाणारच होती.

१. आधी आसपास कारण शोधा. या जागी लागणारी गाठ बहुतेक वेळा फुगलेली लसिका ग्रंथी असते. अशा ग्रंथी सगळ्यांच्याच अंगात शेकड्यांनी असतात आणि जवळपास इन्फेक्शन झालं की फुगतात. जबड्याखाली असेल तर दाढ आणि घसा बघा, डोक्यामागे असेल तर उवा, कोंडा, फोड. जांघेत असेल तर पाय बघा, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून स्टेशन गाठणाऱ्यांना चिखल्या होतात, बोटांमधली कातडी फाटते आणि मग जांघेत अवधाण येतं. काखेत असेल तर हाताची जखम, शेव्हिंगचा कट, आणि बायकांनी स्तनाची तपासणी करून घ्यायचीच, लाजायचं नाही. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याने आरशासमोर आ करून जीभ, गाल, हिरड्या बघायच्या, न भरणारा छाला किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.

२. चाचपणं. इथेच सगळे गडबडतात. मलाही सुरुवातीला हे जमायचं नाही, बोटाच्या टोकाने दाबलं की गाठ सटकायची आणि पेशंट कळवळायचा. टोकाने दाबायचंच नाही. दोन-तीन बोटांचा मऊ भाग कातडीवर ठेवायचा आणि कातडीसकट हळू गोल फिरवायचा. मान ताठ ठेवली तर स्नायूच लागतो हाताला, म्हणून हनुवटी थोडी खाली आणि ज्या बाजूला गाठ आहे तिकडेच मान किंचित कलती ठेवा. दोन्ही बाजू तपासायच्या पण एका वेळी एकच, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या एकदम दाबल्या तर चक्कर येते. काख तपासताना हात वर नाही करायचा, सैल खाली सोडायचा, तेव्हाच बोटं आत बरगडीपर्यंत जातात. आणि कॉलरबोनच्या वरचा खड्डा विसरू नका, तो कोणीच बघत नाही.

आता काय बघायचं, तर साईज, कडकपणा, हलते का, दुखते का. साधारण १ सेंमीपर्यंतची, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी, मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ बऱ्याचदा साधी असते, जांघेत दीड सेंमीपर्यंतही चालते. आणि हे नीट ऐका, "दुखत नाही ना, मग काही नाही" हा सल्ला देणाऱ्याला गप्प करा. इन्फेक्शनची गाठ बहुतेक वेळा दुखते. न दुखणारी, दगडासारखी कडक, जागेवर चिकटलेली, हळूहळू वाढणारी गाठ जास्त काळजीची. म्हणून दुखत नाही म्हणून खूश व्हायचं नाही आणि दुखतं म्हणून रडायचंही नाही.

एकदा चाचपली की पट्टी लावून माप घ्या, तारीख लिहा आणि सोडून द्या. मग आठवड्यानेच. दिवसातून दहा वेळा दाबत बसाल तर तीच सुजेल, आणि परत मलाच विचाराल की वाढली का.

३. थांबायचं किती? कारण सापडलंय, गाठ मऊ आहे, तब्येत ठीक आहे, तर दोन आठवडे. तेवढ्यात कमी व्हायला लागली नाही तर दाखवा. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक आणून खाऊ नका, आणि स्टेरॉईड तर अजिबात नाही, त्याने गाठ तात्पुरती बसते आणि लिम्फोमासारखा आजार (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) लपून राहतो, मग निदानाला उशीर.

न थांबता दाखवायच्या गाठी म्हणजे कॉलरबोनच्या वरची कुठलीही, २ सेंमीहून मोठी, कडक-चिकटलेली, बऱ्याच ठिकाणी एकदम आलेल्या, किंवा सोबत रेंगाळणारा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, कारण नसताना घटलेलं वजन. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल, गाठीवरची कातडी लाल-गरम होऊन पसरत असेल, तर त्याच दिवशी कॅज्युअल्टी.

४. डॉक्टरकडे जाताना मापं, तारखा, आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं न्या.

५. सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, सांगितली तर करा. बारीक सुईने पेशी काढतात, थोड्या वेळाचं काम. सुई टोचली की कॅन्सर पसरतो ही भीती घालून लोक महिने वाया घालवतात, त्यांचं ऐकू नका. कधी सुईने नीट कळत नाही आणि पूर्ण गाठ काढून बायोप्सीला पाठवतात, लिम्फोमाचा संशय असला तर खासकरून. थेट खारघरच्या नाहीतर परळच्या टाटाला पळायची गरज नसते, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटलसारख्या ठिकाणीही ही तपासणी होते.

आपल्याकडे न जाणाऱ्या मानेच्या गाठीत टीबी बऱ्याचदा निघतो. खोकला नसला तरी. "टीबीच असेल, औषध सुरू करू" असं नमुना न घेता कोणी म्हणालं तर आधी नमुना मागा, त्याच नमुन्यावरून औषधाला दाद न देणारा टीबी आहे का हेही कळतं. छातीत टीबी नसेल तर नुसत्या गाठीचा घरात पसरत नाही, ताट-वाटी वेगळी करू नका. औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात, साधारण ६ महिने चालतात, आणि अधेमधे गाठ उलट मोठी होते किंवा नवी येते, तेव्हा गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरला दाखवायचं.