नव्या गावी राहायला गेलात? आधी पत्ता पक्का करा

खोकी उघडायच्या आधी भाडेकरार नीट वाचा. त्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत एकच हवं. एकीकडे मधलं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरूनही खिडकीवरून परत फिरावं लागतं. पत्त्याचा पुरावा हातात आला की वाहन परवाना, गाडीची नोंदणी, मतदार यादी ही कामं पटापट सुटतात. परवाना बदलायची मुदत अनेक ठिकाणी राहायला आल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून ती तारीख दाखवणारा कागद जपा. गाडीच्या विम्यावरचा पत्ता बदलायचा तर हमखास राहतो! आणि हो, कुत्रा पाळलाय? त्याचाही परवाना लागतो का ते विचारा. जाताना रेबीजच्या लसीचा दाखला सोबत न्या.