पंच म्हणून पहिलं वर्ष: नव्याने निवडून येणाऱ्यांसाठी

१० ऑगस्ट २०२२ रोजी गोव्यातल्या १८६ पंचायतींसाठी मतदान झालं, १२ तारखेला निकाल लागला आणि मी डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावची पंच, म्हणजे पंचायतीची सदस्य, झाले. त्याच संध्याकाळी पहिला फोन आला तो वाड्यावरच्या मोरीसाठी. ती तुंबली की पाणी दोन घरांच्या अंगणात शिरतं. "पुढच्या पावसाआधी करून देते," मी सांगून टाकलं.

तसं सांगायला नको होतं. पंचाच्या हाती पैसा नसतो, पंचायत मंडळात एक मत असतं. पाक्षिक बैठकीत ठराव, मग अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा. आमचं काम तर त्याआधीच अडलं. मोरीचं पाणी ज्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) उतरतं, त्याच्या मालकाची ना हरकत कुणी घेतलीच नव्हती आणि मालक पुण्याला. पाऊस आला. शेजारची म्हातारी चिखलात उभी राहून विचारायची, "बाय, मोरीचें कितें जालें?" तिच्या नजरेला नजर देणं मला जड जायचं.

तेव्हापासून कुठलंही काम मांडण्याआधी मी एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद, काढते. जमीन खाजगी, कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची) की सरकारी, हे त्यात कळतं. दुसरं, निधीचं नाव विचारा. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. अशा बांधलेल्या निधीतून रस्त्याचं वचन देऊ नका.

इतिवृत्ताची वही मात्र जिवापाड जपा. ठरावाखाली कोरी जागा असेल तर सही करू नका. एकदा मी घाईत केली. पुढच्या बैठकीत वही वाचली तेव्हा चर्चेतच न आलेली एक ओळ तिथे होती. ती रद्द करून घ्यायला मला लेखी हरकत नोंदवावी लागली. हरकतीची प्रत आवक क्रमांकासह घरी ठेवली आहे.

ग्रामसभा रविवारी असते, आणि सगळ्यात तापतो तो बांधकाम परवान्यांचा विषय. आदल्या आठवड्यात सचिवांकडे बसून त्या फायली वाचा. "बघून सांगतो" हे उत्तर लोक एकदाच ऐकून घेतात.

महिला पंचांना एक कळकळीचं सांगणं: पंचायतीला स्वतःचाच फोन नंबर द्या. माझ्या नवऱ्याचा दिला होता, तर बैठकीची वेळ बदलल्याचा निरोप मला दुसऱ्या दिवशी मिळाला.